आलूबोंडा मराठीच आहे

विदर्भातून पुण्या-मुंबईकडे आलेल्या माणसाला हे कधी ना कधी ऐकावं लागतंच. "आलूबोंडा नाही हो, बटाटेवडा म्हणायचं. आलू हिंदी झालं." सांगणारा बहुतेक वेळा प्रेमानेच सांगतो. तरी मला ते लागतं, आणि एकदा यावर सविस्तर लिहायचंच होतं.

आधी शब्दाचंच बघू. 'बटाटा' आपल्याकडे आला पोर्तुगिजांकडून. मूळचा तो कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा, आणि तिथे त्याचा अर्थ रताळं. 'आलू' मात्र खाण्याजोग्या कंदासाठी संस्कृतात आधीपासून होता. दक्षिण अमेरिकेतलं हे पीक आपल्याकडे आलं, तेव्हा किनाऱ्याकडच्यांनी पोर्तुगिजांचा शब्द घेतला आणि आतल्या मुलखाने जुना कंदाचा शब्द त्याला दिला. दोन्ही शब्द मराठी माणसांनीच रुळवलेत. मग एक प्रमाण आणि दुसरा परका, हे कोणी ठरवलं?

आता 'बोंडा' का? कारण आमच्याकडे 'वडा' हा शब्द रिकामा नव्हता. विदर्भात वडा म्हटलं की डाळीचा. वडाभातातले वडे भिजवलेल्या डाळींच्या भरड्याचे. ते गरम भातावर कुस्करायचे, वरून लसणाची फोडणी घातलेलं तेल ओतायचं, हे आमच्याकडचं पाहुणचाराचं जेवण. अमरावतीचा गिला वडा, तोही डाळीचाच, दह्यात भिजलेला. अशा घरात बेसनात बुडवून तळलेला आलूचा गोळा आला तर त्याला वेगळं नाव लागणारच. 'बोंडा' कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूतही चालतो, आणि तिथेही वडा म्हणजे आधी डाळीचाच. मालवणात जाऊन नुसते "वडे द्या" म्हणा, कोंबडीबरोबर खायचे पुरीसारखे वडे समोर येतील. कोल्हापुरात किंवा मुंबईत नुसता "वडा" म्हणा, बटाट्याचा मिळेल. जिथे जो पदार्थ आधी रुजला, त्याने ते नाव धरून ठेवलं. यात चूक कोणाचीच नाही.

आणि पदार्थ तरी एकच आहे का? मुंबईचा वडा पावात बसतो, लसणाच्या लाल चटणीबरोबर चालता चालता खाल्ला जातो. कोल्हापूरकडे तो कटात बुडवून कटवडा होतो. आमचा आलूबोंडा सकाळच्या नाश्त्याचा, बशीतला. गाडीवरचा माणूस कढईतून काढलेला बोंडा बशीत ठेवतो, पळीच्या पाठीने दाबून फोडतो, वाफ वर येते आणि त्याच क्षणी त्यावर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततो. वर कच्चा कांदा, शेव, थोडा सांबार. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, दाक्षिणात्य सांबार नव्हे. सांबारवडीत डाळ शोधणारे खूप पाहिलेत.) बेसनाचं कवच रस्सा पितं, खालचा भाग मऊ होतो, पण वरच्या कडा अजून कुरकुरीत असतात. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत तो खायचा असतो. कुठे रश्श्याऐवजी ताकाची कढी असते, तीही तितकीच जिवाभावाची. पाव लागतच नाही. पावातला वडा मलाही आवडतो, पण तो दुसरा पदार्थ आहे.

विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी नागपूर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग मध्य प्रदेशची राजधानी होतं. आमची आज्या-पणज्यांची नाती, कोर्टकचेऱ्या, कॉलेजं, बाजार जबलपूर-रायपूरकडे जोडलेले होते. रायपूरकडे याच पदार्थाला 'आलूगुंडा' म्हणतात. म्हणजे नावं जुन्या प्रांतांच्या वाटांनी फिरली, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला म्हणून लोकांच्या तोंडातले शब्द १ मे रोजी बदलले नाहीत. ते बदलावेत अशी अपेक्षाच मुळात चुकीची होती.

बटाटेवड्याला जे बळ मिळालं ते मुंबईमुळे. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव सुरू झाला असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. गिरणगावाने तो उचलला, मग सगळ्या राज्याने. त्या वड्याचा मला अभिमानच आहे. माझी तक्रार त्याच्या लोकप्रियतेबद्दल नाही, त्याचं नाव मोजपट्टी म्हणून वापरण्याबद्दल आहे.

खरं तर मराठी स्वयंपाकघरात तळलेल्या-परतलेल्या बटाट्याला किती नावं आहेत! देशावर सकाळच्या पोळीबरोबर पातळ चिरून तेलात परतलेल्या काचऱ्या. कोकणात रवा लावून तव्यावर तळलेले काप. सारस्वतांकडे फोडी. उपासाला तुपा-जिऱ्यात परतलेला, दाण्याचं कूट घातलेला कीस. गोव्यात सकाळी पावाबरोबर भाजी, आणि तळलेला असेल तर बटाटवडो. मुंबईतल्या पारशी घरात बटाट्याचा होतो 'पापेता', त्यावर अंडी फोडून न्याहारी होते. काचऱ्या आणि काप यांतला फरक आपण इतक्या मायेने जपतो. मग आलूबोंड्याच्या वेळीच व्याकरणाची छडी का निघते?

मला खरी काळजी वेगळीच आहे. नागपूर-अमरावतीच्या नव्या चकचकीत उपाहारगृहांत, मोबाइलवरून मागवायच्या मेन्यूत आमचेच लोक 'बटाटा वडा' लिहू लागलेत. एका ठिकाणी मी विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, आलूबोंडा लिहिलं तर गावठी वाटते." स्वतः घरी तो आलूबोंडाच म्हणतो, हेही त्यानेच सांगितलं. आपल्या आईच्या तोंडचा शब्द त्याला पाटीवर लिहायला लाजिरवाणा वाटावा, याचं मला फार वाईट वाटलं. ही लाज त्याच्यात आपोआप आलेली नाही. वर्षानुवर्षं हसून, दुरुस्त करून, "शुद्ध बोला" म्हणून ती आपण सगळ्यांनी घातली आहे.

तर दुकानदार मित्रांनो, पाटीवर ठळक आलूबोंडा लिहा. पुण्यात गाडी टाकली तरी तेच लिहा, गिऱ्हाईक विचारेल, तुम्ही सांगा. शिक्षकांनो, निबंधात पोराने 'आलू' लिहिलं तर लाल रेघ मारू नका. आणि मलकापूर, बुलढाणा, बोदवड, भुसावळकडच्या मंडळींनो, आलूबोंड्याचा मुलूख संपून वड्याचा सुरू होतो तो तुमच्याच आसपास. तुमच्या घरात काय म्हणतात, आजी काय म्हणायची, स्टेशनवरचा फेरीवाला काय ओरडतो, ते खाली लिहा. गावाचं नाव आठवणीने टाका.