ओटीपी कोणाकडे जातो?

आमच्या कंपनीची वेबसाइट क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या परक्या मशीनवर, गेली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून, हा जुन्या काळात रमणारा गृहस्थ दिसतोय, असं कुणीतरी म्हणायचं. जुन्या काळात रमण्यासारखं काही नव्हतंच. जिन्याखालच्या खोलीत एक काळं खोकं, म्हणजे आमचा सर्व्हर, घरघरत असे. त्याची डिस्क नेमकी जोडून आलेल्या सुट्ट्यांत जायची. नवीन मशीन हवं म्हटलं की कोटेशन, मंजुरी, पुन्हा कोटेशन. आणि ते येईपर्यंत ज्या सेलसाठी मागवलं तो सेल उरकलेला. आता तेच मशीन बोलता बोलता उभं राहतं आणि नको झालं की पुसून टाकता येतं. डिस्क गेलीच तर ती बदलणारा माणूस जगाच्या पाठीवर कुठेतरी असतो आणि तो मी नसतो. सुख म्हणजे याहून वेगळं काय असणार?

दुःख दर महिन्याला पीडीएफमधून येतं.

हिशेब बघणाऱ्या आमच्या मॅडम त्या बिलाची प्रिंट काढतात, पट्टी लावून एकेक ओळ वाचतात आणि मला बोलावतात.

"हे मशीन आपण बंद केलं होतं ना?"

"हो मॅडम."

"मग पैसे कसले?"

"मशीन बंद आहे, पण त्याची डिस्क तिथेच आहे. तिचं भाडं वेगळं."

"आणि हे स्नॅपशॉट?"

"त्या डिस्कचे. तिच्या त्या त्या वेळच्या प्रती."

मॅडमनी पट्टी एक ओळ खाली सरकवली. तिथे आयपी पत्ता होता, म्हणजे इंटरनेटवर मशीन ज्या आकड्याने सापडतं तो. जगात आयपीव्ही४चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी आणि ते कधीचेच वाटून संपले, त्यामुळे आता पत्त्यालाही तासावर पैसे पडतात, हे मी सांगितलं. क्लाउड भाड्याने देणाऱ्या अ‍ॅमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४पासून वापरात असलेल्या पत्त्यालाही आकार लावला. त्याआधी पत्ता घेऊन नुसता ठेवला तर आकार पडायचा. मॅडमना यातलं अ‍ॅमेझॉन तेवढं ऐकू आलं आणि त्यांनी ऑफिससाठी मागवलेल्या खुर्चीचं काय झालं ते विचारलं.

खरी गंमत डेटाच्या वाहतुकीची. क्लाउडमध्ये डेटा आत टाकायला बहुतेक ठिकाणी छदाम लागत नाही. बाहेर काढायला मोजून पैसे. "म्हणजे उंदराचा पिंजरा," मॅडम म्हणाल्या. बारा पानी करारातून मला जे उमगलं नव्हतं ते त्यांना एका ओळीवरून उमगलं. २०२४च्या जानेवारीत गूगलने आणि मार्चमध्ये अ‍ॅमेझॉन व मायक्रोसॉफ्टने हा आकार माफ केला, पण कायमचं सोडून जाणाऱ्यांना. नुसतं जाऊन-येऊन राहणाऱ्यांनी भरत राहायचं.

एकदा बिल एकदम फुगलं. साहेब खूश. "अरे, ट्रॅफिक वाढलंय! लोक बघतायत आपल्याला!" आणि खरोखरच, गर्दी वाढली की मशीन आपोआप वाढवायची सोय क्लाउडने इमानेइतबारे बजावली होती, रात्रभर एकामागून एक नवीन मशीन उभी राहिली होती. मी लॉग, म्हणजे साइटवर कोण आलं आणि काय पाहिलं याची नोंद, उघडून बसलो. कुणीतरी पहाटे आमच्या मालाची यादी लाल रंगात पाहिली, मग लाल रंगात आणि मोठ्या आकारात, मग लाल, मोठा आणि किमतीच्या उतरत्या क्रमाने, मग चढत्या. मग निळा रंग. इतक्या चिकाटीने आमचा माल आमच्या मालकांनीही पाहिलेला नाही. माणूस नव्हताच तो, बॉट होते, आपोआप साइट चाळत फिरणारे प्रोग्रॅम. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च आम्ही केला आणि जाताना त्यांनी काही घेतलं नाही.

एक ओळ मात्र कुणालाच लागेना. चालू असलेलं एक मशीन बिलात होतं आणि कन्सोलमध्ये, म्हणजे मशीन सांभाळायच्या पानावर, कुठेच दिसत नव्हतं. या कन्सोलची एक खोड आहे: वरच्या कोपऱ्यात जो रीजन निवडलेला असेल तेवढ्याच प्रदेशातली मशीन तो दाखवतो. बाकीचं जग त्याच्या लेखी नाही. मी एकेक खंड पालथा घालत गेलो आणि पार दुसऱ्या गोलार्धात ते सापडलं. नाव ‘टेस्ट-२’. माझ्या आधीच्या माणसाने काहीतरी करून बघण्यासाठी लावलं होतं आणि तो नोकरी सोडून गेला तरी ते बिचारं राबत होतं.

त्याच माणसाच्या फोनवर आमच्या मूळ, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या, क्लाउड खात्याचा ओटीपी जातो, हाही शोध त्याच दिवशी लागला.

आता तो दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि सतत मीटिंगमध्ये असतो. मी आर्जवी मेसेज करायचा, तो मीटिंग संपल्यावर सहा आकडे पाठवायचा, तोवर त्यांची मुदत संपलेली. आमचा सगळा धंदा, ऑर्डरी, गिऱ्हाइकांची माहिती, हे सगळं एका माजी सहकाऱ्याच्या सद्भावनेवर उभं आहे हे मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "चांगला मुलगा होता तो."

त्यात चेष्टेसारखं काही नाही. कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड खात्यात जून २०१४मध्ये एकजण घुसला, खंडणी मागितली आणि मिळत नाही म्हटल्यावर डेटा आणि बॅकअप, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रती, दोन्ही पुसत सुटला. कंपनी बंद पडली. बॅकअप होते, पण त्याच खात्यात. किल्ली एकच.

साहेबांचा भरवसा ९९.९९ टक्क्यांवर आहे. सेवा एवढे टक्के वेळ चालू राहील, असं वचन म्हणून करारात तो आकडा ठळक छापलेला असतो. हिशेब केला तर वर्षाला सुमारे ५२ मिनिटं बंद पडण्याची मुभा निघते, ९९.९ टक्के असेल तर पावणेनऊ तास. ती मिनिटं कोणती, हे निवडायची सोय नाही. आणि वचन मोडलं तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात सूट. म्हणजे ज्यांनी साइट पाडली त्यांच्याकडेच पुढच्या महिन्यात राहायचं.

२८ फेब्रुवारी २०१७ची हकीकत मी त्यांना आवर्जून सांगितली. अ‍ॅमेझॉनच्या साठवण सेवेची बिलिंग यंत्रणा हळू चालते म्हणून एकजण दुरुस्ती करत होता. कमांडमध्ये काहीतरी चुकीचं टाकलं गेलं आणि काढायचे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघून गेले. जवळपास चार तास निम्मं इंटरनेट आडवं झाल्यासारखं होतं. सेवा चालू आहे की नाही हे सांगणारं पान मात्र बराच वेळ सगळं हिरवंगार दाखवत होतं, कारण ते बदलण्याची सोयही त्याच बंद पडलेल्या सेवेवर चालायची. साहेबांनी यातून "बिलात सगळ्यांनाच त्रास आहे" एवढंच घेतलं.

पण १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हरांनी भरलेली इमारत, जळून खाक झालं, हे ऐकल्यावर ते सावरून बसले. मशीन शेवटी खोलीतच असतं आणि खोली पेटते. संस्थापकांनी त्या पहाटे ग्राहकांना सांगितलं, तुमची आपत्कालीन योजना सुरू करा. अशी योजना करायची असते, हेच कित्येकांना तेव्हा कळलं. काहींचे बॅकअपही त्याच आवारात होते.

"मग आपण काय करायचं?"

मी युनिसुपरचं नाव घेतलं. ऑस्ट्रेलियातला हा पेन्शन फंड, सहा लाखांवर सभासद. मे २०२४मध्ये गूगलकडच्या त्यांच्या व्यवस्थेतला एक खासगी क्लाउड पुसला गेला. उभारताना गूगलच्याच माणसांकडून एक रकाना कोरा राहिला, यंत्रणेने त्याचा अर्थ एक वर्षाची मुदत असा लावला आणि वर्ष भरल्यावर नेमाने साफसफाई केली. सभासदांना सुमारे आठवडाभर खात्यात डोकावता येईना. पण या फंडाने दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवले होते.

"म्हणजे दोन बिलं," मॅडम म्हणाल्या. त्या दारातच उभ्या होत्या.

साहेबांनी मान्यता दिली. मी तिथेच दुसऱ्या कंपनीकडे खातं उघडायला घेतलं. नाव, पत्ता, कार्ड, सगळं झालं आणि स्क्रीनवर रकाना आला: ओटीपीसाठी मोबाइल नंबर. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी फोन खिशात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या वर्षी इथे असेन की नाही, हे आम्ही दोघेही मनातल्या मनात तपासत होतो.

"माझा घाला," मॅडम म्हणाल्या. "मी कुठे जात नाही. पण सांगून ठेवते, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ओटीपी मागायचा नाही. तेव्हा पगार असतात."