तीन टोमॅटो आणि एक अडकित्ता

परवा रविवारी सकाळी भर मंडईत माझ्यावर टोमॅटो चोरल्याचा आळ आला. तीन टोमॅटो. त्या दिवशीचा दर वीस रुपये किलो, म्हणजे सगळा मिळून पाचेक रुपयांचा मुद्देमाल. आणि ते टोमॅटो माझेच होते. ऑफिसात चुकून कुणाचं पेन खिशात आलं तर रात्री फोन करून सांगणारा माणूस मी, आणि त्या मावशी चार लोकांत खणखणीत आवाजात म्हणतात, "ओ सायेब, ती तीन बाजूची पन काट्यावर ठेवा की."

मूळ भानगड मेव्हण्याची. त्याचं शिरोळ तालुक्यात पॉलिहाऊस आहे, म्हणजे प्लॅस्टिकच्या छपराखालची शेती, जरबेरा आणि रंगीत ढबू मिरची. मी जूनमध्ये हौसेनं टेरेसवर पाच रोपं लावली होती ती जुलैत करप्यानं गेली, पानांवर डाग काय, खोड काळं काय, आठ दिवसात खेळ खल्लास. आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतात, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, त्या हवेत माणसाच्या चड्ड्या वाळत नाहीत तिथं टोमॅटोची पानं कुठली वाळायला. पण गणपतीत जेवायला आल्यावर मेव्हण्यानं मोदक फोडता फोडता सगळ्यांसमोर निकाल दिला, "दाजी, पॉलिहाऊसशिवाय चांगला टोमॅटो येतच नसतोय. उघड्यावर नुसती रोगराई." बायको त्याच्याच बाजूनं हसली. तिथं पेटलं.

सप्टेंबरअखेर परत पेरलं. बी आत्याकडचं, राखेत घोळून डबीत ठेवलेलं गावठी, चपट्या वळकट्यांचा टोमॅटो येतो तो. पातळ सालीचा, आंबटगोड. महिन्याभरानं रोपं मोठ्या पिशव्यांत हलवली, शेणखत भरपूर. उन्हाचा प्रश्न होता. टोमॅटोला सहा-आठ तास ऊन पाहिजे आणि आमच्या टेरेसवर पाण्याची टाकी अशा ठिकाणी बसवलीय की दुपारी बाराला तिची सावली बरोबर माझ्या पिशव्यांवर, म्हणून मी रोज ऑफिसला जायच्या आधी सहा पिशव्या ढकलत पूर्वेच्या कठड्यापासून पश्चिमेच्या कठड्याला नेत होतो. एकेक पिशवी वीस किलोची. डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम वेगळाच होता.

बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातनं फुटणारे जादा कोंब, खुडल्या, काठ्या लावल्या, सुतळीनं बांधलं. फुलं आली आणि नुसती गळायला लागली. टोमॅटोचं फूल आपलं आपणच फळतं पण पराग सुटायला धक्का लागतो, शेतात ते काम वारा आणि भुंगे करतात. आमच्या टेरेसला तिन्ही बाजूंनी बिल्डिंगा, वारं कुठनं येणार? मग रोज सकाळी मीच फुलांच्या दांड्यांना हलक्या टिचक्या मारायला लागलो. समोरच्या गॅलरीतल्या काकींनी महिनाभर दम धरला, शेवटी बायकोला गाठून विचारलं, "मी रोज बघतो, तुझा नवरा झाडासंगट कॅरम खेळतो काय गं?"

मग गोकर्ण. तीन दिवस गेलो, झाडं सुकली, आल्या आल्या घाबरून बादलीभर पाणी ओतलं, आणि पंधरवड्यात निम्म्या फळांचं बूड काळं. एक जण म्हणाला अंड्याची टरफलं घाल, कॅल्शियम कमी पडलंय. घातली. ती कुजायला महिने लागतात हे नंतर कळलं, शिवाय कॅल्शियम मातीत असलं तरी ते फळापर्यंत पाण्याबरोबरच जातं, आणि पाणी एक दिवस दुष्काळ एक दिवस महापूर असं दिलं तर ते बिचारं वाटेतच राहतं. तेव्हापासून रोज ठरलेलं पाणी, आणि फळ रंगायला लागल्यावर थोडं तोडलेलं, नाहीतर चव पाणचट होते. एवढं सगळं करून जानेवारीत पहिले तीन लाल झाले. बुलबुलांपासून वाचवायला बायकोच्या जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवले होते. मी एकही खाल्ला नाही. आधी मेव्हण्याला दाखवायचे, त्याच्यासमोर कापायचे, मग खायचे, असा बेत होता.

तर रविवारी सकाळी कात्रीनं देठासकट काढले, कापडी पिशवीत घातले, आणि मंगळवार पेठेतनं नागाळा पार्ककडे निघालो. वाटेत बायकोचा फोन, भावाकडे चाललाच आहात तर कोथिंबीर घेऊन जा. एवढंच. कोथिंबिरीचे पैसे काढायला मी पिशवी मावशींच्या टोमॅटोच्या ढिगाशेजारी टेकवली, तिचं तोंड उघडलं, आणि माझा एक टोमॅटो बाहेर डोकावला.

"मावशी, हे माझे घरचे आहेत."

"घरचं? मग हितं कशाला आणलायसा?"

हा प्रश्न दिसतो सोपा. पण मेव्हणा, गणपती, पॉलिहाऊस, पैज हे सगळं मंडईत उभं राहून सांगायला लागलं की माणूस जास्तच चोर वाटायला लागतो. मी सांगायला लागलो आणि चार माणसं जमली. आणि उपड्या क्रेटवर बसलेले आबा उठले.

हे आबा कोण ते मला अजून माहीत नाही. पांढरा लेंगा, अंगात मरून स्वेटर, मुडपलेले कान (उमेदीत खासबागेत कुस्तीला उतरलेले असणार, तसे कान उगीच होत नाहीत), आणि करकर वाजणारं चप्पल. मावशींचे नातेवाईक नाहीत, दुकानदार नाहीत, त्यांचं तिथं काही काम नव्हतं. पण कोल्हापुरात भांडण सुरू झालं की कुणीतरी असा माणूस जमिनीतनं उगवतोच. हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याला चाळीसेक वर्षं मागून १८ ऑगस्ट २०२५ ला मिळालं, मंडईतलं बेंच मात्र रोज सकाळी बसतंय आणि तिथं तारीख पडत नाही.

"सायेब," आबा म्हणाले, "घरची टमाटी घिऊन मंडईला कोण येतंय? घागर भरून घिऊन पंचगंगेला कोण जातंय काय?"

लोक हसले. वाक्य चांगलं होतं, मलाही आवडलं, त्याचाच जास्त राग आला.

"आबा, टेरेसवर लावलेत मी."

"पालीहौस हाय?"

"नाही, उघड्यावर."

"मग येत न्हाईत."

"अहो आलेत की, हे काय!"

"ही तर हिची हाईत म्हनतीया की ती."

ह्याच्यावर काय बोलणार? मेव्हणा एकटा पुरत नव्हता म्हणून देवानं हे पाठवलं. टोमॅटोवर कोर्टकचेरी तशी नवी नाही म्हणा. अमेरिकेत १८९३ साली थेट सुप्रीम कोर्टात खटला चालला होता, टोमॅटो फळ की भाजी, कारण बाहेरून येणाऱ्या भाजीवर कर होता आणि फळांना सूट होती. वनस्पतिशास्त्र म्हणतं फळ, कोर्ट म्हणालं लोक जेवणात भाजीसारखा खातात म्हणून भाजी, भरा कर. पण तिथल्या न्यायाधीशांनी पुरावा खाल्ल्याची नोंद निदान माझ्या वाचनात नाही.

आबांनी माझा टोमॅटो उचलला. सगळ्यात मोठा. देठ हुंगला. मला जरा आशा वाटली, कारण टोमॅटोचा तो हिरवा उग्र वास असतो ना, तो पानात आणि देठातच असतो, ताज्या तोडलेल्याला घमघमतो. मग त्यांनी मावशींचा एक घेतला, तोही हुंगला. बराच वेळ. मग म्हणाले, "काय कळंना. तपकीर वडलीया आत्ताच."

आणि खिशातनं अडकित्ता काढला.

सुपारीचा अडकित्ता हो. पितळी, मोराच्या डोक्याचा, चुना लागलेला. माझा चार महिन्यांचा टोमॅटो त्यांनी अडकित्त्यात धरला आणि मी "आबा, आबा" म्हणेपर्यंत दाबला. तो कापला गेला नाही, फुटला. रस माझ्या शर्टावर, बिया एका पोराच्या कपाळावर. आबांनी शांतपणे शेजारच्या उकडलेल्या शेंगावाल्याकडे हात केला, त्यानं न विचारता चिमूटभर मीठ दिलं (म्हणजे हे पहिल्यांदा होत नसणार), आणि आबा डोळे मिटून खायला लागले. सगळी मंडई थांबली. मावशींच्या हातात तराजू तसाच. मी शर्ट पुसायचं विसरलो. दोन मिनिटं तरी हा माणूस नुसता चावत होता, टोमॅटोला चावायला असतं काय एवढं?

"ह्ये हिचं न्हवं," आबांनी शेवटी डोळे उघडले. "ह्याला चव हाय."

निर्दोष सुटलो! पण मावशी ऐकतायत होय. "म्हंजे माझ्या मालाला चव न्हाई? आं? वीस वर्सं बसत्या मी हितं!" आता त्यांचा दावा माझ्यावर नाही, आबांवर. आणि आबा म्हणाले, मग अपिलात बघू. अपिलात माझा दुसरा टोमॅटो आणि मावशींचा एक असे दोन्ही अडकित्त्यात गेले आणि फोडी जमलेल्या लोकांत वाटल्या गेल्या. शेंगावाल्याला मिळाली. कपाळावर बिया असलेल्या पोराला दोन मिळाल्या. एक बाई नुसत्या मेथी घ्यायला आल्या होत्या, त्यांना मिळाली, त्या म्हणाल्या, "आमच्या आज्जीकडचा असाच असायचा." मला कुणी विचारलं नाही. मी मालक, आरोपी, जे काय असेन ते, पण मी हात पुढे केला तर आबा म्हणाले, "तुम्ही कसं? तुम्ही पार्टी हाय."

मावशींचीही चूक नाही म्हणा. त्यांचा टोमॅटो ट्रकात क्रेटवर क्रेट रचून यायला बनवलेला असतो, जाड साल, सगळे एका मापाचे, हिरवट असतानाच तोडलेले, वाटेत रंग धरणारे. आणि आपण तरी काय करतो? ढिगात हात घालून दाबून दाबून दगडासारखे निवडतो, घरी आणून फ्रिजात कोंबतो, बारा अंशाच्या खाली गेला की त्याचा उरलासुरला वास आणि स्वाद जातो, आणि वर म्हणतो हल्ली टोमॅटोला चवच नाही. २०२३ च्या जुलैत शंभराच्या वर गेला तर महागाई म्हणून बोंब, दर पडला की शेतकरी रस्त्यावर ओततो ते आपण मोबाईलवर बघतो आणि पुढे ढकलतो. तो शेतकरी चवीचं कशाला बघंल? त्याला चवीचे पैसे कुणी देतंय का, वजनाचे देतात. पण हे सगळं मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी फक्त शर्टावरचा डाग बघत होतो.

तिसरा मावशींनी स्वतःच उचलला आणि कनवटीला लावला. "ह्याचं बी धरत्या मी. आमच्या हायब्रीडचं धरून उपेग नसतोय, दुसरंच कायतरी येतंय." हे बरोबर होतं, त्यामुळे नाही म्हणता येईना. सॉरी कुणी म्हणालं नाही. वर मावशींचा चेहरा अजून फुगलेला, आबा माझ्याकडे बघून मान हलवतायत, म्हणजे काहीतरी भरपाई माझ्याकडनं अपेक्षित होती, मग मी अर्धा किलो टोमॅटो घेतले. दहा रुपये. कोथिंबीर पाच. निर्दोष सुटलेल्या माणसाला एवढा दंड कुठल्याच बेंचनं केला नसेल. आबा जाता जाता खांद्यावर थाप मारून म्हणाले, "पुढच्या रविवारी आणा, मी हितंच असतोय."

नागाळा पार्कात पोचलो तेव्हा मेव्हणा दारातच होता. माझ्या शर्टाकडे त्यानं बघितलं पण विचारलं नाही, हातातनं पिशवी घेतली, आत डोकावला. मी तोंड उघडणार होतो. देवाशप्पथ सांगणार होतो. पण त्यानं एक टोमॅटो बाहेर काढला, दाबून बघितला, उजेडात फिरवला आणि जोरात आत हाक मारली, "अगं बघ, दाजींनी टेरेसवर काढलेत! एकदम मार्केटसारखे!"

"जमतंय की मग," मी म्हणालो.

"मानलं दाजी," म्हणाला, आणि सगळेच्या सगळे नेऊन फ्रिजात ठेवले.