फुकट आहे म्हणूनच येतात

काल पुन्हा एका स्नेह्यांनी तेच ऐकवलं. "ताई, थोडी तरी फी ठेवा हो. फुकटच्या गोष्टीची माणसाला किंमत नसते." सहा वर्षं झाली, ठाण्यात एका वस्तीला लागून असलेल्या समाजमंदिरात आम्ही चौघंपाच जण आठवड्यातून तीन संध्याकाळी आठवी ते दहावीच्या पोरांना घेऊन बसतो. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचा कंटाळा येतो. म्हणून एकदाच लिहून टाकते.

फी ठेवून पाहिलीय आम्ही. दुसऱ्याच वर्षी, महिन्याला ५० रुपये, 'शिस्त लागावी' म्हणून. (सूचना माझीच होती.) महिनाभरात गळती लागली, आणि आधी गळल्या त्या मुली. परवडत नाही असं एकीनंही म्हटलं नाही. "पाहुणे आलेत", "मम्मीला बरं नाही", मग येणंच बंद. घरात एक मुलगा, एक मुलगी आणि ५० रुपये एकाचेच निघणार असतील, तर ते कुणाचे निघतात हे काय सांगायचं? तिसऱ्या महिन्यात फी बंद केली. तरी निम्म्या जणी परत आल्याच नाहीत.

तसंच लहान भावंडांचं. "वर्ग मोठ्यांचा आहे, बारक्यांना आणू नका," असा नियम होता. चौदा वर्षांची मुलगी संध्याकाळी मोकळी असते हा आपला शहाण्यांचा समज. आई चार घरची भांडी करून आठला परतते, तोवर धाकटा हिच्याच कडेवर. नियम काढला. आता कोपऱ्यात सतरंजीवर दोनतीन बारकी लोळत असतात, एखादं मध्येच रडतं, वर्ग चालू राहतो.

आणि हे वयच असं आहे की या पोरांच्या डोक्यावरचा सरकारचा हात नेमका तेव्हाच निघतो. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंत. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. नववीत भूक कमी होते असं कुणाला वाटलं कोण जाणे! आम्ही चणे-गूळ ठेवतो. काही पोरं निव्वळ चण्यांसाठी आणि कॅरमसाठी येतात, हे मला ठाऊक आहे. येऊ देत.

"पण मार्क वाढतात का?" हा पुढचा प्रश्न. काहींचे वाढतात, काहींचे नाही. एक गोष्ट सांगते. विजेचा धडा चालू होता. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, एवढंच शिकवलं आणि म्हटलं, घरातलं मोजून आणा. नववीतल्या एकीनं वहीच्या मागच्या पानावर सगळं मांडून आणलं: पंखा ७५ वॅट, पंधरा तास. दोन एलईडी ट्यूब. टीव्ही. बेरीज महिन्याला ५० युनिटच्याही आत. आणि घरमालक लाइटचे म्हणून घेत होता ९०० रुपये. तिच्या वडिलांनी आधी तिलाच गप्प केलं, खोली खाली करायला सांगतील म्हणून. आई मात्र वही घेऊन मालकाच्या दारात गेली. हो-ना करत आकडा ६०० वर आला. त्याच महिन्याच्या चाचणीत या मुलीला विज्ञानात वीसपैकी आठ होते.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. १९४१ सालापासून राष्ट्र सेवा दलाच्या संध्याकाळच्या शाखा हेच तर करत होत्या. खेळ, कवायत, समूहगीतं, पैसे कुणी विचारत नव्हतं. निळू फुले दिवसा पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि उरलेला वेळ सेवा दलाच्या कलापथकाला द्यायचे. राम नगरकर, दादा कोंडके त्याच कलापथकाच्या मुशीतले. नाट्यप्रशिक्षणाची फी भरून यातलं कोण आलं असतं? आमच्या ठाण्यातच रत्नाकर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, तेव्हा वस्तीतल्या मुलांनी स्वतःच्या घरातले, गल्लीतले विषय घेऊन नाटिका बसवल्या. अशा पोरांना बोलता येत नाही असं नसतं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

बिल्डिंगमधल्या मुलांना गिटार, रोबोटिक्स, पोहणं, सगळं मिळतं, आणि त्याला कुणी 'लाड' म्हणत नाही. माझ्या लेकालाही मिळालं. त्यानं गिटार चार महिन्यांत सोडली, ती अजून कपाटावर आहे. तिथे फी भरूनही किंमत राहिली नाही, हे मी त्या स्नेह्यांना सांगायला हवं होतं. सुचलं घरी आल्यावर, नेहमीसारखं.

असो. मंगळवारी संध्याकाळी सहा ते साडेसात तबला शिकवणारं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. मानधन नाही, चणे-गूळ आहे. तबला आहे, डग्ग्याची पुडी मात्र फाटलीय, तेवढी बसवून देणाराही कुणी माहीत असेल तर सांगा.