पाठीतलं पाणी काढू द्या

“ताई, पाणी नका काढू देऊ. पोट्टं जन्मभराचं लुळं पडते.”

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या एका बाईनं माझ्या वहिनीचा हात धरून हे सांगितलं आणि वहिनीनं सही न करताच कागद परत दिला. आत माझा तीन वर्षांचा भाचा तापानं फणफणलेला, मान ताठ, ट्यूबलाइट लावली की किंचाळायचा. डॉक्टरांना मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूवरच्या आवरणाला सूज येण्याचा, संशय होता. अँटिबायोटिक त्यांनी लगेच सुरू केलं होतं, पण जंतू कोणता ते पाठीतलं पाणी तपासूनच कळायचं होतं. वहिनीला समजावण्यात दीड तास गेला. अख्ख्या विदर्भातून, छिंदवाड्याहून, बालाघाटहून पेशंट ज्या नागपुरात येतात, तिथे ही भीती अजून दवाखान्याच्या बाकावर बसून आहे, याचा मला मनापासून राग येतो.

पाणी काढायची सुई कमरेच्या खालच्या भागात टोचतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, सुईच्या वाटेत तो येतच नाही. काढतात ते मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं जेमतेम चमचाभर पाणी, आणि शरीर ते लगेच नव्यानं तयार करतं. नंतर एखाद-दोन दिवस डोकं दुखू शकतं. पोरं लुळी पडतात ती मेनिंजायटिसनं, आणि लोक नाव सुईचं घेतात.

शेवटी सही झाली. डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. हे पाणी एरवी नितळ असतं. त्या नळीतलं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं दिसत होतं. रिपोर्ट आला, जंतू न्यूमोकोकस.

तोवर आमच्या गल्लीत गोंधळ माजला होता. पोरं घरात कोंडलेली, दोघा-तिघांनी मेडिकल स्टोअरमधून मनानंच गोळ्या आणलेल्या. सिस्टरांनी सांगितलं, या जंतूसाठी घरच्यांना गोळी लागत नाही. याऐवजी मेनिंगोकोकस हा दुसरा जंतू निघाला असता, तर भावाला, वहिनीला, एका ताटात जेवणाऱ्या सगळ्यांना शक्यतो चोवीस तासांच्या आत औषध द्यावं लागलं असतं. म्हणजे एका पोराच्या पाठीतल्या चमचाभर पाण्यावर अख्ख्या गल्लीनं काय करायचं ते ठरतं. साथीत तर जास्तच.

साथ पसरवतो तो मुख्यतः हा मेनिंगोकोकस. दिल्लीत 1966, 1985 आणि 2005 साली त्याच्या साथी येऊन गेल्या. तो शिंका-खोकल्याच्या थेंबांतून, लाळेतून, जवळच्या सहवासातून जातो. शरीराबाहेर फार टिकत नाही, त्यामुळे रस्त्यावरून चालताना भेटलेल्या माणसाला घाबरायचं कारण नाही. जपायचं ते एका खोलीत दाटीनं झोपणाऱ्यांनी, होस्टेलच्या पोरांनी, एकाच बाटलीला तोंड लावणाऱ्यांनी. 1987 साली हजच्या वेळी मोठी साथ आली आणि तेव्हापासून हजला जाणाऱ्यांना याची लस सक्तीची आहे. आपल्याकडच्या हाजींनी ती लस घेतलेली असते, पण बाकी बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे सगळ्यालाच ‘मेंदूज्वर’ म्हणतात. चांदीपुरा विषाणूही त्यातच मोजतात. 1965 साली तो पहिल्यांदा आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यातच सापडला, नावही गावाचंच. पण तो पसरतो वालुमाशीनं, भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या. तिथे मास्क काय करणार? भेगा लिंपा, पोरांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवा. रोग कोणता ते कळल्याशिवाय बचाव ठरत नाही, म्हणून मी पाण्याचं इतकं सांगते आहे.

मेनिंजायटिसची लक्षणं ही: ताप, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या, मान ताठ, उजेड सहन न होणं, गुंगी. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. त्याची टाळू फुगलेली दिसेल, दूध सोडेल, चिरक्या आवाजात रडेल. अंगावर जांभळट ठिपके असतील तर त्यावर काचेचा ग्लास दाबून बघा. दाबूनही विरत नसतील तर तसेच निघा. सावळ्या अंगावर ते पटकन दिसत नाहीत, तळहात-तळपाय बघा. आणि ठिपके नाहीत म्हणून घरी थांबू नका. सकाळपर्यंत वाट बघू, हे वाक्य या आजारात चालत नाही.

भाचा वाचला. घरी आल्यावर महिनाभरानं माझ्या लक्षात आलं, मोबाइलवर आजीशी बोलताना तो फोन उजव्याच कानाला लावतो. डाव्या कानाला दिला की परत उजवीकडे नेतो. डावा कान गेला होता. या आजारातून उठलेल्या प्रत्येक मुलाची कानाची तपासणी लगेच करून घ्यायची असते, आणि आम्हाला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

न्यूमोकोकसची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, असे तीन डोस. ही पोस्ट वाचून झाली की घरातलं लसीकरणाचं कार्ड काढा आणि तिसरा रकाना बघा. आमच्या भाच्याचा रिकामा होता. त्या आठवड्यात काटोलला लग्न होतं.