आराकाताकाचे नाव बदललेले नाही

‘कोलंबियातील आराकाताका या गावाचे नाव आता अधिकृतपणे माकोन्दो झाले असून बुएन्दिया घराण्याच्या सात पिढ्या तिथेच नांदल्या’, असा मजकूर सध्या वाचकांच्या गटांमध्ये फिरतो आहे. तो खरा नाही. माकोन्दो हे कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीतले गाव आणि बुएन्दिया हे त्यातले घराणे.

नामांतराचा प्रस्ताव आला होता, एवढाच त्यातला सत्यांश. जून २००६ मध्ये ‘आराकाताका-माकोन्दो’ या नावासाठी तिथे सार्वमत घेण्यात आले. मतदान करणाऱ्यांत होकार देणारे अधिक होते, पण आवश्यक तेवढे मतदानच न झाल्याने प्रस्ताव बारगळला. गावाचे नाव आजही आराकाताकाच आहे.

गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांचा जन्म १९२७ साली तिथे झाला आणि त्यांचे बालपण आजी-आजोबांच्या घरी गेले, हे खरे. परंतु माकोन्दो हे नाव आपण आगगाडीतून दिसणाऱ्या एका केळीच्या मळ्याच्या पाटीवरून घेतले, असे त्यांनी २००२ च्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिले आहे. बुएन्दिया कुटुंब कल्पित आहे. माकोन्दो तर १९६७ च्या त्या गाजलेल्या कादंबरीआधी, १९५५ च्या ‘ला ओहारास्का’ या त्यांच्या लघुकादंबरीतच अवतरले होते, एकच गाव अनेक कथांतून उभे करण्याची ही दीर्घ साधना ‘सत्यकथा’ म्हटल्याने झाकली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कादंबरीत येणारे १९२८ चे केळी-कामगारांचे हत्याकांड मात्र इतिहासात घडले, तेही आराकाताकात नव्हे, सिएनागा येथे.

म्हणून तो मजकूर कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्ती द्यावी.