‘दोन दिवस उपाशी ठेवा, सुतासारखी सरळ येईल’ : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : वयात आलेली मुलगी जेवेनाशी झाली किंवा जेवून उलट्या काढू लागली, तर त्याला ‘ईटिंग डिसऑर्डर’ असे भारदस्त नाव देऊन डॉक्टरांकडे धावण्याचे कारण नाही. ही परदेशातून आलेली श्रीमंतांची थेरं आहेत, आपल्या आज्यांच्या काळी असले काही नव्हते. आईबापांनी लाडावून ठेवले की असे होते. मोबाइल काढून घ्या, दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी पोर आपणहून भाकरी मागेल. गोंजारत बसलात तर डोक्यावर मिऱ्या वाटेल. सल्ला पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसते, हे मी धरून चालतो. पण त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि एक तर जिवावर बेतणारे आहे, म्हणून ती एकेक करून तपासणे भाग आहे.

हा आजार नवा आहे, हे पहिले विधान. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने 1689 साली क्षयरोगावर लिहिताना दोन रुग्णांची हकिगत नोंदवली आहे. ताप नाही, खोकला नाही, तरीही अन्न सुटलेले आणि शरीराचा सापळा झालेला. त्यांतली एक अठरा वर्षांची मुलगी होती आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. 1873 साली पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल या डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या आजाराचे सविस्तर वर्णन केले आणि पुढे गल यांनी वापरलेले ‘ॲनोरेक्झिया नर्व्होसा’ हे नाव रूढ झाले. तेव्हा ना मोबाइल होता, ना फॅशनची मासिके घरोघरी पोहोचली होती. खाऊन उलट्या काढण्याच्या विकाराला, म्हणजे बुलिमियाला, लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी 1979 साली नाव दिले. पण नाव उशिरा पडले म्हणून दुखणेही उशिरा जन्मले असे होत नाही.

राहिला ‘परदेशी’पणा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मनोविकारतज्ज्ञांनी 1995 साली पाच तरुण स्त्रियांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. जेवणाला नकार, सततच्या उलट्या, झपाट्याने घटलेले वजन, बंद झालेली पाळी ही सगळी लक्षणे त्यांच्यात होती. मात्र पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत ठळकपणे सांगितलेली ‘मी जाड दिसते’ ही समजूत त्यांच्यात दिसली नाही. हाँगकाँगमध्ये मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनाही असेच रुग्ण आढळले होते. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. आपल्याकडची मुलगी ‘मला बारीक व्हायचंय’ असे म्हणेलच असे नाही. ती म्हणेल, पोट भरल्यासारखं वाटतं, घास उतरत नाही, मळमळतं. मग घरचे पोटाच्या डॉक्टरांकडे नेतात, तपासण्या होतात, ‘ॲसिडिटी आहे’ म्हणून गोळ्या मिळतात आणि त्यात बहुमोल महिने निघून जातात. बंगळूरुच्या मनोविकारतज्ज्ञांची एक पाहणी 2012 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे दोन तृतीयांश डॉक्टरांनी असा किमान एक रुग्ण पाहिल्याचे सांगितले होते.

आज्यांच्या काळाबद्दल बोलायचे, तर त्या काळी न जेवण्याला आडोसा द्यायला घरात पुरेसे उपास होते. उपास म्हणजे आजार, असे मला मुळीच म्हणायचे नाही. एकादशी करणारी बाई द्वादशीला पारणे फेडते, आणि बऱ्याचदा चांगल्या साग्रसंगीत जेवणाने फेडते. आजारी मुलीला धास्ती असते ती या पारण्याचीच. सोमवार, गुरुवार, चतुर्थी करता करता आठवड्यात जेवणाचे वार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आणि घरात तिच्या निष्ठेचे कौतुकच होत राहिले, तर हा फरक कुणाच्या लक्षात यावा?

या पहिल्या विधानात एक अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करायला हवे. भोवतालचा परिणाम होतो. फिजी बेटांवरील नाद्रोगा भागात 1995 साली दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची पाहणी त्याच वर्षी आणि पुन्हा 1998 साली केली. वजन घटवण्यासाठी उलट्या काढते असे सांगणारी मुलगी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात सुमारे अकरा जणी तसे सांगत होत्या. पण या पुराव्यावरून मुलीला शिक्षा करावी असे कुठे निघते? त्यावरून निघते ते एवढेच की भोवताल बदलायला हवा. आणि ‘पाहायला येणार आहेत, तोवर जरा वजन उतरव’ असे म्हणणारा भोवताल टीव्हीने आणलेला नाही, तो आपणच घरात जपलेला आहे.

आता मुख्य मुद्दा, उपाशी ठेवण्याचा. भूक लागली की माणूस खातो, या साध्या अनुभवावर तो सल्ला उभा आहे, आणि निरोगी माणसाबाबत तो अनुभव खराही आहे. पण ज्याला हा आजार जडला आहे त्याची भूक मेलेली नसते. ती असते आणि तिच्यावर भीतीने मात केलेली असते. न खाल्ल्याने त्या मुलीला काही काळ सुटल्यासारखे वाटते आणि खाल्ल्याने जीव घाबरा होतो. अशा मुलीचे ताट काढून घेणे म्हणजे तिच्या आजाराला हवे तेच त्याच्या हातात देणे होय.

शिवाय उपासमार स्वतःच मन बिघडवते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, नोव्हेंबर 1944 पासून, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र धरायला नकार दिलेले 36 धडधाकट तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातील लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे शोधण्याचा हेतू होता. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या आहाराच्या जवळपास निम्मा आहार दिला आणि त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. (उष्मांकांचे आकडे मी मुद्दाम देत नाही, आजारी माणसाच्या हाती असा आकडा पडला की तो त्याच्याशी स्पर्धा लावतो.) या तरुणांना आधी खाण्याचा कोणताही विकार नव्हता. तरीही महिन्या-दोन महिन्यांत ते ताटातले अन्न चिवडत तासन्‌तास बसू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, अन्नाखेरीज दुसरे बोलेनासे झाले; ते चिडखोर, उदास आणि एकलकोंडे बनले, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली. पुढे पोटभर मिळू लागल्यावर काहींना खाणे आवरता येईना.

हे वर्णन वाचून ज्या आईला आपली मुलगी आठवेल, तिने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जेवण पुढे ओढून तासभर चिवडणे, घरातल्या सगळ्यांसाठी केक करून स्वतः न खाणे, मैत्रिणींना टाळणे, उगाच खेकसणे, यांतले बरेचसे तिचा स्वभाव नसून उपासमारीचा परिणाम आहे. म्हणूनच उपचारात नियमित अन्न हे औषधाच्या जागी असते. आधी मन ताळ्यावर येऊ द्या मग खाईल, हा क्रम बहुधा उलटा पडतो.

सल्ल्यातला ‘तिसरा दिवस’ तर अधिकच धोक्याचा आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने खाली येते आणि हृदय बंद पडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिले आहे. त्यामुळे फार खंगलेल्या रुग्णाचे पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत. मायेने भरवलेला तूप-भातही तिथे अंगाशी येऊ शकतो. वारंवार उलट्या काढणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके चुकू लागतात, मग ती व्यक्ती दिसायला ठणठणीत का असेना. 2011 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की ॲनोरेक्झिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या जवळपास सहापट असते आणि त्या मृत्यूंपैकी दर पाचातला एक आत्महत्येने होतो. याला थेरं म्हणणे शक्य नाही.

‘मुलगी’ आणि ‘वाळलेली’ या दोन गृहीतकांबद्दल थोडक्यात. मुलांनाही हे विकार होतात. मॉर्टनचा दुसरा रुग्ण आठवावा. बुलिमिया आणि अनावर खाण्याचा विकार असलेली पुष्कळ माणसे मध्यम किंवा स्थूल बांध्याची असतात, आणि मुळात जाड असलेल्या माणसाचे वजन आजारामुळे भराभर उतरते तेव्हा त्याला शाबासकी मिळते, उपचार मिळत नाहीत.

आईबापांच्या दोषाचा मुद्दा मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे, कारण तो फक्त व्हॉट्सॲपवरचा नाही. खुद्द गल यांचे मत होते की अशा रुग्णाच्या सेवेला नातेवाईक आणि मित्र सर्वांत अयोग्य. पुढे शंभर वर्षे वैद्यकशास्त्राचा मोठा भाग याच समजुतीवर चालला. मुलीला घरापासून तोडून रुग्णालयात ठेवणे हाच उपचार समजला जाई. हे चित्र पालटले ते लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात. रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की लहान वयात आजार सुरू झालेल्या आणि तीन वर्षांच्या आत उपचाराला आलेल्या रुग्णांना, एकट्याने घेतलेल्या मानसोपचारापेक्षा कुटुंबासह केलेल्या उपचाराने अधिक गुण येतो. या पद्धतीत आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाहीत. जेवणाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे सोपवतात आणि मुलगी वेगळी, आजार वेगळा, हे सर्वांच्या मनावर बिंबवतात. या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही कुटुंबाला आजाराचे मूळ कारण ठरवणाऱ्या विचारसरणीविरुद्ध 2010 साली भूमिका प्रसिद्ध केली. 2019 साली सुमारे सतरा हजार रुग्णांच्या जनुकीय तपासणीतून ॲनोरेक्झियाशी संबंध असलेल्या जनुकसंचातील आठ जागा सापडल्या, आणि त्यांचे धागे मानसिक आजारांइतकेच चयापचयाशीही जुळलेले दिसले. लाडांशी जुळलेला धागा काही त्यात सापडला नाही.

‘गोंजारलेत तर डोक्यावर बसेल’ या भीतीत माया म्हणजे सूट असे गृहीत धरलेले आहे. मॉडस्लीच्याच मनोविकारतज्ज्ञ जेनेट ट्रेझर या घरच्यांच्या वागण्याला प्राण्यांच्या उपमा देतात : गेंड्यासारखे अंगावर धावून जाणे नको, कांगारूसारखे पोटाशी धरून सगळ्या अडचणींपासून वाचवणेही नको, बुडणाऱ्याच्या शेजारून पोहत, कधी पुढे होत, कधी हलका धक्का देत त्याला काठाकडे नेणाऱ्या डॉल्फिनसारखे असावे. आपल्या स्वयंपाकघरात याचे रूप फार साधे असते. पोळी किती हे आधी ठरलेले असते आणि ताटावर बसल्यावर त्याची घासाघीस होत नाही. ‘खा गं, एवढंच तर आहे’ असे न म्हणता ‘अवघड जातंय हे दिसतंय मला, मी बसले आहे इथेच’ असे म्हटले जाते. बोलणे शाळेचे, क्रिकेटचे, शेजारच्या मांजरीचे होते; उष्मांकांचे होत नाही. जेवणानंतरचा तासभर कुणीतरी सोबत असते, कारण उलटीची ओढ त्या वेळात सर्वांत तीव्र असते. ती ओरडली, ताट भिरकावले, तरी पुढच्या जेवणाची वेळ बदलत नाही आणि कालचे भांडण आज उगाळले जात नाही. यात सूट कुठेच नाही. दोन दिवस उपाशी ठेवणे याहून कितीतरी सोपे आहे, आणि मला वाटते त्या सल्ल्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण तेच असावे.

सोपे नाही, कारण हे लांबते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांचा दोन दशकांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष 2017 साली आले. ॲनोरेक्झिया झालेल्यांपैकी नऊ वर्षांनी एक तृतीयांशाहूनही कमी जणी बऱ्या झाल्या होत्या. बावीस वर्षांनी हेच प्रमाण जवळपास दोन तृतीयांशांवर गेले होते. म्हणजे दहा वर्षे आजार भोगलेल्या बाईलाही ‘आता काय व्हायचं’ म्हणून सोडून देता येत नाही, आणि एवढा पल्ला एकटी आई गाठू शकत नाही.

इथे सल्ल्याच्या काही आवृत्त्यांमध्ये जोडलेला शेवटचा आक्षेप येतो : अशा रुग्णांचे आधारगट केले की त्या एकमेकींना बिघडवतात. यात तथ्य आहे. उपासमारीचे गोडवे गाणारे, वजन उतरवण्याच्या युक्त्या वाटणारे गट इंटरनेटवर होते आणि आहेत. म्हणून चांगल्या आधारगटाला जाणकार चालक असतो आणि नियम असतात : वजन, उष्मांक, कपड्यांचे माप यांचे आकडे उच्चारायचे नाहीत, लपवाछपवीच्या युक्त्या सांगायच्या नाहीत, सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. माणसांऐवजी यंत्राने हे काम भागेल, अशीही आशा होती. 2023 साली खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या अमेरिकेतील एका राष्ट्रीय संस्थेने आपली दूरध्वनी मदतसेवा बंद केली आणि त्याच सुमारास तिचा ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट मदत मागणाऱ्यांना वजन घटवण्याचेच सल्ले देऊ लागल्याचे उघड झाले; तो तातडीने बंद करावा लागला. सावरलेल्या बाईने ‘मलाही सणाच्या दिवशी पुरणपोळीची भीती वाटायची’ असे सांगणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या एका वाक्याने समोरचीची लाज जेवढी कमी होते, तेवढी डॉक्टरांच्या तासभराच्या समजावणीनेही होत नाही.

ज्यांना कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. चक्कर, छातीत धडधड, अतिशय मंद नाडी किंवा जीव देण्याची भाषा असेल, तर मात्र फोनवर न थांबता सरळ रुग्णालय गाठावे. मानसिक आजारांच्या उपचारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. विमा कंपनीने नकार दिला तर ही तरतूद दाखवावी.

आणि ज्यांच्या घरात हा आजार नाही, अशा काका-मावश्यांना एकच विनंती. लग्नाच्या पंगतीत ती मुलगी शेजारी येऊन बसली, तर ‘किती वाळलीस!’ म्हणू नका आणि सावरत असेल तर ‘आता कशी भरलीस!’ असे तर मुळीच म्हणू नका. हे दुसरे वाक्य ऐकून कित्येक जणी पुढचे जेवण सोडतात. तिच्या पानाकडे न बघता तिला वऱ्हाडाच्या बसची गंमत सांगा, आणि तुमचे जेवण आधी आटोपले तरी तिचे होईपर्यंत पानावरून उठू नका.