पब्लिक आयपी अन् आमचे आबाजी

"पब्लिक आयपी? तुमाले कायले पायजे काका? घरी तमाशा लावता का?"

हे वाक्य नेट कंपनीच्या पोट्ट्याने माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पिता पिता, चार माणसांसमोर म्हटले. चौघेही हसले. त्यांतल्या दोघांना आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि पब्लिक म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा, हे ठाऊक नव्हते, पण तमाशा ठाऊक होता.

मागणी साधी होती. जुन्या, स्क्रीन फुटलेल्या लॅपटॉपला एक मोठी हार्डडिस्क लावून मी घरचा फाईल सर्व्हर केला आहे. लाईन गेली तरी त्याची बॅटरी तासभर तग धरते, हा आमच्याकडे लहान गुण नाही. त्यात सातबारे, फेरफार, संत्र्याच्या बागेचे हिशेब, लग्नांचे व्हिडिओ, असे सारे आहे. नागपूरला तहसीलच्या कामाने किंवा दवाखान्यात बसलो असताना यातला एखादा कागद मोबाइलवर उघडावा, एवढीच इच्छा. आणि तो मलाच उघडावा, साऱ्या जगाला नव्हे.

आता अडचण अशी की माझ्या राऊटरला कंपनीने दिलेला आयपी पत्ता १००.७२ ने सुरू होतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आकडे २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवले आहेत: कंपनीने शेकडो गिऱ्हाइके एकाच बाहेरच्या पत्त्यामागे कोंबावीत. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते आहेतच सुमारे ४३० कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपला. अशा सामाईक पत्त्यामागून बाहेर जाता येते, गेलेल्याचे उत्तरही परत येते. पण बाहेरून कोणी नव्याने हाक मारली, तर ती कोणाच्या घरासाठी हे कंपनीच्या यंत्राला कळायला मार्ग नसतो. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरची हाक घरातल्या कोणत्या यंत्राकडे वळवायची याचे, किती का रकाने भरा, हाक माझ्या राऊटरपर्यंत पोचतच नाही.

हे सगळे मी पोट्ट्याला सांगितले. तो म्हणाला, "यूट्यूब चालते ना?"

"चालते."

"मंग?"

इथे शेजारचे आबाजी मधे पडले. आबाजींचे वय सांगता येत नाही, मत मात्र प्रत्येक विषयावर सांगता येते. पोट्ट्याची शिडी त्यांनीच धरली होती, त्यामुळे या कामात आपला वाटा आहे अशी त्यांची समजूत.

"का म्हणते थो? फायली कुठं हायेत तुह्या?"

"घरातच आहेत आबाजी."

"अन् पायच्या कुठून?"

"नागपुरातून."

"बाहेरूनच पायच्या होत्या तं घरात ठेवल्या कायले?"

याला उत्तर असते, पण ते ओसरीवर उभ्याने देता येत नाही.

"गूगलवर टाक ना," आबाजी म्हणाले. "माह्या नातवानं माहे सारे फोटू टाकले. म्हशीचे बी."

फुकटचे १५ जीबी मेल आणि फोटो मिळून कधीच भरले, हे मी सांगितले. आबाजींना ते पटले नाही. त्यांच्या म्हशीला जागा झाली होती.

"बरं, कुलूप लावशीन का नाई?"

"लावीन. चावीशिवाय कोणाला दिसणारही नाही."

"चावी कुठं?"

"मोबाइलात."

"अन् मोबाइल?"

"माझ्याजवळ."

"तुह्याजवळ कुठं बे? थो तं तुही पोरगी घेऊन हिंडते. म्हंजे चावी लेकराजवळ!" मग पोट्ट्याकडे वळून, "लिहून घे रे."

मोबाइल हरवला तर तेवढी एक चावी रद्द करता येते, बाकीच्या चालू राहतात, असे मी म्हटल्यावर आबाजी पहिल्यांदा गंभीर झाले. "हे बरं हाय. गोदामाच्या चावीचं असं झालं असतं तं पोते गेले नसते." त्यानंतर अर्धा तास गोदामाचा इतिहास झाला. पोट्ट्याने दुसरा चहा घेतला.

कस्टमर केअरचे काय सांगावे. आधी राऊटर बंद करून चालू करायला लावला. मग म्हणे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा पब्लिक आयपी बिझनेस प्लॅनवरच, त्याला जीएसटी नंबर लागेल. मी म्हटले, बरं, प्लॅनच घेतो. तर उत्तर आले, "सर, आपल्या भागात ही सुविधा उपलब्ध नाही." आपला भाग! बिल पाठवताना आपला भाग बरोबर सापडतो. नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६, पत्ता राऊटरवर दिसतो, त्याने बाहेरून थेट येता आले असते. पण बाहेरून येणाऱ्याला अडवणाऱ्या, राऊटरच्या फायरवॉलचा पासवर्ड कंपनीजवळ, आणि पोट्टा म्हणतो, "थो आमालेच देत नाई."

आमचे एक मास्तर म्हणाले, कुठून तरी पब्लिक आयपी मिळव आणि विंडोजचे फोल्डर सरळ उघडे कर. नको रे बाबा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने, विंडोजची फोल्डरे ज्या दारातून वाटली जातात त्याच ४४५ नंबरच्या पोर्टातून, जगभरची कॉम्प्युटरे कुलूपबंद केली.

शेवटी मुंबईतल्या डेटा सेंटरातला एक इवलासा सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेतला आणि त्यावर वायरगार्ड हे दोन यंत्रांमध्ये कुलूपबंद बोगदा बांधणारे सॉफ्टवेअर बसवले. घरचा लॅपटॉपच आतून तिकडे बोगदा खणतो आणि दर २५ सेकंदांनी "मी आहे" असे कळवतो, नाहीतर कंपनीचे यंत्र वाट बुजवून टाकते. वायरगार्डचा स्वभाव मला आवडला: ज्याच्याकडे चावी नाही त्याला तो उत्तरच देत नाही. आबाजींच्या नेमके उलट.

तर आता बागेत बसून घरचा सातबारा उघडला की तो ओसरीवरून मुंबईला जातो आणि तिथून परत बागेत येतो. ओसरी बागेतून दिसते. या फेरीचे भाडे मी भरतो, नेटचे बिल वेगळे. वानरांनी खांबावरची फायबर तोडली की दोन्ही बिले चालू आणि बोगदा बंद.

काल पोट्ट्याचा फोन आला. "काका, मेसेज आला असन पाहा. पाच स्टार देजा, नाईतर माहा पैसा कापते." दिले. त्याचा काय दोष, त्याला बिचाऱ्याला पासवर्डही देत नाहीत. खाली "आणखी काही सांगायचे आहे का?" असा रकाना होता. मी चष्मा लावून, नीट मुद्देसूद लिहायला बसलो. "माझ्या राऊटरला १००.७२ ने सुरू होणारा" इथवर आलो आणि अक्षरे संपली.